फास: एका मारेकरी अँटिबॉडीची कुळकथा

प्रयोगशाळेत वापरली जाणारी अँटिबॉडी सहसा प्रथिनाच्या मागून येते. आधी प्रथिन सापडतं, त्याला नाव मिळतं, मग ते पेशीत कुठे आणि किती आहे हे शोधायला कुणीतरी अँटिबॉडी तयार करतं आणि ती इवल्याशा कुप्यांत भरून विकली जाते. ‘फास’च्या बाबतीत हा क्रम पार उलटा झाला. १९८९ साली टोकियोत आधी अँटिबॉडी हाती लागली. ती कशाला चिकटते याचा पत्ता नव्हता. चिकटली की पेशी मरते, एवढंच दिसत होतं. ज्या कशाला ती चिकटत होती त्याला ‘फास प्रतिजन’ म्हटलं गेलं, आणि दोन वर्षांनी खुद्द प्रथिन सापडलं तेव्हा त्याने बापाचं नाव लावावं तसं या अँटिबॉडीचं नाव लावलं.

हे नाव वाचून मराठी वाचकाला गळफास आठवला तर त्यात त्याचा दोष नाही. पेशीला मरणाचा हुकूम देणाऱ्या प्रथिनाला याहून चपखल नाव शोधून सापडलं नसतं. पण तो निव्वळ योगायोग. नावाचं खरं मूळ फारच अनपेक्षित जागी आहे: सुंता झालेल्या बाळाच्या अग्रत्वचेत.

आज बऱ्याच ठिकाणी ‘फास’चा विस्तार ‘फर्स्ट अॅपॉप्टोसिस सिग्नल’ असा दिलेला आढळतो; अॅपॉप्टोसिस म्हणजे पेशीचं शिस्तशीर, ठरवून आलेलं मरण. विद्यार्थी तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात. ऐकायला झकास, पण तारखांच्या कसोटीला लावला की कोसळतो. टोकियो महानगर वैद्यकीय विज्ञान संस्थेतले शिन योनेहारा आणि त्यांचे दोन सहकारी यांचा मूळ लेख मे १९८९ मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन’मध्ये आला. त्याच्या शीर्षकात ‘पेशी मारणारी अँटिबॉडी’ आहे, टीएनएफचा (पेशी मारू शकणाऱ्या ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ या प्रथिनाचा) ग्राही आहे, अॅपॉप्टोसिस नाही. ते शीर्षकात उतरलं खुद्द प्रथिनाचा शोध जाहीर करणाऱ्या १९९१ सालच्या लेखात. जे नाव १९८९ मध्ये ठेवलं गेलं त्यात दोन वर्षांनंतरचा अर्थ कसा शिरणार? शिवाय ‘फर्स्ट’ तरी कशावरून? टीएनएफच्या ग्राहीचं जनुक फासच्या एक वर्ष आधीच, १९९० साली, वेगळं काढलं गेलं होतं. नाव रूढ झाल्यावर मागाहून कुणीतरी अक्षरांना अर्थ बसवला, हे उघड आहे.

खरा विस्तार रुक्ष आहे: ‘एफएस-७ असोसिएटेड सरफेस अँटिजेन’. एफएस-७ नावाच्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रतिजन. योनेहारांच्या गटाने उंदरांना टोचल्या त्या याच मानवी पेशी. अक्षरांचा हिशेब मात्र इथेही नीट लागत नाही. ‘एफएस’मधला एक ‘एस’ वाटेत गळतो आणि ‘असोसिएटेड’सारख्या दुय्यम शब्दाला मानाची जागा मिळते. सरळ दिसतं ते असं की ‘एफएस’ तोंडाने उच्चारता यावं म्हणून मध्ये एक स्वर घातला गेला असावा आणि विस्तार त्यावर बेतला गेला असावा. हा तर्क आहे, पुरावा नाही. पण ‘फास’मध्ये ‘एफएस’ बसलेलं आहे याबद्दल वाद नाही.

आणि एफएस म्हणजे फोरस्किन. अमेरिकेतल्या इस्पितळांत नवजात मुलग्यांची सुंता सर्रास होत असे, आणि कापलेला तुकडा एरवी कचऱ्यात जायचा. पेशी वाढवणाऱ्यांच्या दृष्टीने ते घबाड होतं. माणसाच्या सामान्य पेशी काचेच्या बशीत साधारण पन्नास वेळा दुप्पट होतात आणि थांबतात, त्यामुळे पेशी जितक्या कोवळ्या तितका त्यांचा साठा जास्त दिवस पुरतो. चार दिवसांच्या बाळाच्या कातडीतल्या तंतुपेशींहून कोवळं आणखी काय मिळणार!

या पेशींना खरी मागणी होती ती इंटरफेरॉनवाल्यांकडून. विषाणूला अडवणारं हे द्रव्य १९५७ साली लंडनजवळच्या मिल हिलमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना सापडलं होतं. जनुक-तंत्रज्ञान येण्याआधी ते मिळवायचं तर जिवंत मानवी पेशींकडूनच काढून घ्यावं लागे. ब्रातिस्लाव्हात जन्मलेले आणि १९६४ मध्ये चेकोस्लोव्हाकियातून निसटून पुढे न्यूयॉर्कला आलेले यान विल्चेक यांनी तिथल्या विद्यापीठात अग्रत्वचेच्या पेशींचा एक वाण याच कामासाठी तयार केला. त्याचं नाव एफएस-४. नाव ठेवण्याची हीच रीत एफएस-७ मध्ये दिसते. टोकियोतल्या ज्या बशीत फासचा जन्म झाला ती इंटरफेरॉनच्या घराण्यातून आलेली, असं म्हणायला त्यामुळे जागा आहे.

या सिद्धांताला प्रतिस्पर्धी आहे, आणि तो दुबळा नाही. टीएनएफवाले म्हणतात, फास आमच्या घरचा. योनेहारांच्या शीर्षकातच टीएनएफ आहे. त्यांच्या अँटिबॉडीने पेशी मरत होत्या त्या टीएनएफने मराव्यात तशाच, आणि पेशीच्या पृष्ठभागावरून टीएनएफचा ग्राही कमी झाला की फासही कमी होई. पुढे प्रथिनाची रचना कळली तेव्हा ते टीएनएफ-ग्राहीच्याच कुटुंबातलं निघालं. रक्ताचं नातं तिकडचं, हे मान्यच करायला हवं. पण वाढवलं कुणी, हा प्रश्न वेगळा. फासचं जनुक ज्यांच्या प्रयोगशाळेत हाती लागलं ते शिगेकाझु नागाता १९८० साली झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटात होते आणि बॅक्टेरियाकडून मानवी इंटरफेरॉन बनवून घेण्याच्या गाजलेल्या लेखाचे पहिले लेखक तेच. शिवाय गॅमा इंटरफेरॉन दिलं की बऱ्याच पेशींच्या पृष्ठभागावर फास वाढतो. घराण्याची ओढ म्हणावी ती हीच.

टोकियोचा लेख येऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच जुलै १९८९ मध्ये ‘सायन्स’मध्ये हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रातून दुसरी मारेकरी अँटिबॉडी जाहीर झाली. पेटर क्रामर यांच्या गटाने उंदरांना मानवी बी-लिम्फोब्लास्ट पेशी टोचल्या होत्या आणि त्या पेशींची वाढ थांबवणारी अँटिबॉडी ते शोधत होते. सापडली तिने वाढ थांबवलीच, वर पेशीही मारल्या. या गटाने मरणाची तऱ्हा नीट ओळखली. स्कॉटलंडमध्ये कर, वायली आणि करी यांनी १९७२ साली ज्याचं अॅपॉप्टोसिस असं बारसं केलं होतं तेच हे मरण, म्हणून त्यांनी प्रतिजनाला ‘एपीओ-१’ म्हटलं. म्हणजे अॅपॉप्टोसिसवरून आलेलं नाव आहे, पण ते जर्मन भावाचं. जपानी भावाच्या नावावर ते मागाहून चढवलं गेलं.

हे मरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं असतं. जुर्काट या मानवी टी-पेशींवर फासविरोधी अँटिबॉडीचे काही थेंब टाकावेत आणि थांबावं. पहिला तासभर फारसं काही दिसत नाही. मग गुळगुळीत गोल पेशीच्या कडेला बुडबुडे उठू लागतात, पेशी आक्रसते, केंद्रकातला ऐवज घट्ट होऊन काठाला सरकतो आणि शेवटी तिचे पडद्यात गुंडाळलेले तुकडे होतात. अशा पेशींचा डीएनए जेलवर चालवला की एकाखाली एक पट्टे उमटतात, प्रत्येक पायरी साधारण १८० बेसजोड्यांच्या पटीत. फुटून सांडणं नाही, आरडाओरडा नाही. शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात.

आता या कुळकथेतला सगळ्यात मोठा नशिबाचा भाग. अँटिबॉडी चिकटली म्हणजे पेशी मरेलच असं नाही. बहुतेक अँटिबॉडी नुसत्याच चिकटतात. फासचे रेणू एकत्र ओढून त्यांचा पुंजका केला तरच मरणाचा निरोप आत जातो. योनेहारांची अँटिबॉडी आयजीएम जातीची निघाली: पाच एकक, दहा हात, एकाच वेळी कितीतरी फास पकडणारी. क्रामर यांची आयजीजी३ जातीची, आणि उंदराच्या या जातीला आपसात गोळा होण्याची खोड आहे. १९९२ मध्ये हायडेलबर्गच्याच गटाने हे तपासलं. पकडण्याची टोकं तीच ठेवून अँटिबॉडीची जात बदलली, तर काही जाती पेशी मारायला कमी पडू लागल्या. त्यांना बाहेरून एकत्र बांधल्यावर त्या पुन्हा मारू लागल्या. दोन्ही उंदरांनी साधी आयजीजी१ बनवली असती तर? अँटिबॉडी चिकटली असती, पेशी मजेत राहिल्या असत्या आणि कुणाचं लक्षही गेलं नसतं. दोन खंडांत, एकाच वर्षी, दोनदा पुंजका करणारीच जात हाती लागली. ज्याची त्याची निवड पेशी मरण्यावर किंवा वाढ थांबण्यावर होती म्हणून असं झालं, हे खरं; पण निवडायला ती अँटिबॉडी आधी उंदराच्या प्लीहेत असावी लागते.

पुढचं भराभर घडलं. १९९१ मध्ये ओसाका बायोसायन्स इन्स्टिट्यूटमध्ये नाओतो इतोह, नागाता आणि सहकाऱ्यांनी याच अँटिबॉडीचा गळ टाकून फासचं जनुक पकडलं: ३३५ अमिनो आम्लांचं प्रथिन. उंदराच्या पेशींत मानवी फास घातला तर त्याही या अँटिबॉडीने मरू लागल्या. १९९२ मध्ये एपीओ-१ आणि फास एकच असल्याचं नक्की झालं. त्याच वर्षी कळलं की ज्या ‘एलपीआर’ उंदरांच्या लसीकाग्रंथी सुजतात आणि ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्यांच्यात बिघडलेलं जनुक फासचंच आहे. १९९३ मध्ये फासचा नैसर्गिक जोडीदार, फास लिगँड, सापडला. शरीर जे काम लिगँडकडून करून घेतं ते अँटिबॉडी चार वर्षं आधीपासून करत होती. निरोप आत नेणारी एफएडीडी आणि कॅस्पेज-८ ही मंडळी १९९५-९६ मध्ये उजेडात आली.

कर्करोगाच्या औषधाची आशा मात्र १९९३ मध्येच मावळली. क्रामर यांच्या लेखात मानवी गाठ वाढवलेल्या उंदराला अँटिबॉडीचं एकच इंजेक्शन दिल्यावर गाठ काही दिवसांत विरघळली होती, आणि उंदीर धडधाकट होता. यातली मेख अशी की ती अँटिबॉडी फक्त मानवी फास ओळखत होती. गाठ माणसाची, यकृत उंदराचं. ओगासावारा आणि नागाता यांच्या गटाने उंदराच्या फासला चिकटणारी अँटिबॉडी उंदरांना दिली तेव्हा यकृत निकामी होऊन ते काही तासांत मेले. यकृताच्या पेशींवर फास भरपूर असतो. जी अँटिबॉडी गाठ मारते ती रोग्यालाही मारू शकते, हे त्या एका प्रयोगाने कायमचं सांगून टाकलं.

म्हणून आज फासच्या अँटिबॉडी मुख्यतः संशोधनाच्या फ्रीजमध्येच आढळतात, आणि मागवताना घोळ होतो तो इथे. सीएच-११ ही आयजीएम; ती जिवंत पेशींवर टाकली की मारते. झेडबी४ ही आयजीजी१; तीही मानवी फासला चिकटते, पण उलट मरण अडवते. दोन्हींच्या लेबलवर ‘अँटी-फास’ असतं. दुसरा सापळा स्पेलिंगचा: मेदाम्ल बनवणाऱ्या ‘फॅटी अॅसिड सिंथेज’चंही लघुरूप फासच. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर पट्टा ४५ किलोडाल्टनच्या आसपास न येता २७० जवळ आला, तर मागवलेली कुपी चुकीच्या फासची आहे. कॅटलॉगमध्ये नावाआधी क्लोन पाहावा; सीएच-११, झेडबी४ ही क्लोनचीच नावं.

पेशींच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना क्रमांक देणाऱ्या १९९३ च्या बोस्टन कार्यशाळेने या प्रथिनाला सीडी९५ हा क्रमांक दिला. जनुकांच्या नामकरण समितीने त्याला काही काळ टीएनएफ-ग्राहींच्या यादीतलं सहावं म्हणून टीएनएफआरएसएफ६ असं लांबलचक नाव लावलं होतं. ते टिकलं नाही. माणसाच्या दहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाचं अधिकृत नाव आज पुन्हा फासच आहे.