पोटातला टॉवेल आणि ३३ वर्षं

आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं. (मुंबईचं नव्हे, लोकल येत नाही!) मराठवाड्यात दुखणं वाढलं की नांदेड नाहीतर औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर.

तिथल्याच सिव्हिल हॉस्पिटलात जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंत झाली. पाठोपाठ नसबंदीचं ऑपरेशन झालं आणि पोटात टॉवेल राहिला. पोट पुन्हा उघडून तो काढला, पण ती वाचली नाही.

घरचे कोर्टात गेले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आपल्याकडे अशा मृत्यूच्या भरपाईचा मूळ कायदा १८५५ चा, पहिली आगगाडी धावल्यावर दोनच वर्षांनी आलेला! हक्कदार नवरा-बायको, मुलं, आई-बाप, भाऊ-बहीण नाहीत. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले. हायकोर्टाने तेही काढून घेतले. एक कारण काय, तर दवाखाना चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम, सबब सरकार जबाबदार नाही. आता बोला!

२० फेब्रुवारी १९९६ ला सुप्रीम कोर्टाने हे खोडलं. टॉवेल आपोआप पोटात जात नाही. नेमका कोणाचा हात चुकला हे घरच्यांनी शोधायची गरज नाही, सरकार जबाबदार. आकडा मात्र तोच, ३६,०००. ३३ वर्षांनी!

आज पैसे घेणारा दवाखाना ग्राहक आयोगात खेचता येतो. पण सगळ्यांना सगळं फुकट देणाऱ्या सरकारी दवाखान्यासाठी तो दरवाजा बंद. तिथे दिवाणी कोर्टच, तेही मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. म्हणून केसपेपर आधी मागून घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ चा नियम आहे.