शास्त्री नदी आणि संगमेश्वरची पेठ

संगमेश्वरीं शास्त्री आणि सोनवी ह्या नद्यांची भेट होते. गांवाचें नांवच संगमावरून पडलें आहे. शास्त्री सह्याद्रींत प्रचितगडाच्या परिसरांत उगम पावते आणि जयगडाजवळ समुद्रास मिळते. वाट थोडी, उतार मात्र भारी. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून येथें उतरे व भरतीच्या पाण्यावर गलबतांनीं समुद्राकडे जाई. घाट आणि खाडी ह्यांची गांठ, हेंच ह्या पेठेचें भांडवल होतें.

घाटवाट वैऱ्यासही मोकळीच असते. १ फेब्रुवारी १६८९ रोजीं मुकर्रबखान कोल्हापुराकडून घाट उतरून अकस्मात् आला आणि छत्रपति संभाजीमहाराज येथेंच त्याच्या हातीं सांपडले.

पेठेचा घात मात्र गाळानें केला. डोंगरउतारावरचें रान तुटलें, उघडी माती पावसाबरोबर वाहून आली आणि खाडी उथळ झाली. दोष नदीला देण्याची आपली रीत आहे. कुऱ्हाड कांहीं तिच्या हातीं नव्हती. पूर्वीं मोठीं गलबतें संगमेश्वराच्या धक्क्यास लागत. १८८० च्या जिल्हा गॅझेटियराच्या काळीं त्यांना कांहीं मैल खालींच थांबावें लागे. आतां गलबत येत नाहीं. पण पावसाळ्यांत पूर चढला कीं नदीच बाजारपेठेंत शिरते.