वनस्पतिप्लवक व जलगुणवत्ता : पालघर–तारापूर परिसर

पाण्यात तरंगणाऱ्या व प्रकाशसंश्लेषणाने स्वतःचे अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म शैवलांच्या समुदायास ‘वनस्पतिप्लवक’ म्हणतात. तलावातील अन्नसाखळीचा हा पाया होय. ‘प्लवक’ या अर्थाची संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ मध्ये रूढ केली. कोल्कविट्झ व मार्सोन यांनी १९०८ मध्ये वनस्पतींवरून पाण्याचे प्रदूषण ओळखण्याची पद्धती मांडली. पुढे १९६९ मध्ये पामर या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रदूषण सहन करणाऱ्या शैवलांच्या २० प्रजातींना गुण दिले. यूग्लीना व ऑसिलॅटोरिया यांना प्रत्येकी ५ गुण असून एकूण गुण २० वा अधिक भरल्यास पाण्यात सेंद्रिय प्रदूषण भरपूर असल्याचे मानतात.

याच वर्षी २८ ऑक्टोबरला भारतातील पहिले अणुवीज केंद्र तारापूर येथे कार्यान्वित झाले आणि महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला. त्यानुसार १९७० मध्ये राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्रीय कायदा १९७४ चा आहे. पुढे बोईसरलगतच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आले आणि लोकवस्ती वाढली. सूर्या नदीवरील धामणी धरण व खालचा कवडास बंधारा यांमुळे गोड्या पाण्याची सोय झाली. प्रदूषणाच्या सर्वंकष निर्देशांकानुसार तारापूर २००९ मध्ये अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. २०१८ मध्ये हा निर्देशांक ९३·६९ होता. ७० च्या वरील क्षेत्र अतिप्रदूषित मानतात.

सांडपाणी व खते यांतील नायट्रोजन आणि फॉस्फरस तलावात साचले, की सुपोषण होते. मोजक्या नील-हरित शैवलांची बेसुमार वाढ होऊन इतर जाती मागे पडतात. रात्री ऑक्सिजन घटून मासे मरतात. कोकणातील मुसळधार पावसात प्लवक वाहून जातात व पाणी गढूळ होते. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढतात. म्हणून तिन्ही ऋतूंतील नमुने आवश्यक असतात. रासायनिक परीक्षणाने नमुना घेतल्या क्षणाची स्थिती कळते, तर प्लवकांच्या रचनेवरून मागील काही दिवसांची.

मात्र पामर यांचे गुण सेंद्रिय प्रदूषणापुरतेच आहेत. विषारी द्रव्यांनी शैवलेच नष्ट झाल्यास गुण कमी भरतात आणि दूषित पाणी निर्मळ भासते. तारापूरसारख्या रसायनप्रधान परिसरात म्हणूनच प्लवकांची गणना व रासायनिक परीक्षण यांपैकी कोणत्याही एकावर विसंबून तलावाचे पाणी पिण्यायोग्य ठरविता येत नाही.