चूक नेमकी कुठं?

चार महिने इथे काहीच लिहिलं नाही. मधे गावाकडे जाऊन आलो, सप्ताहाला. गाव म्हणजे आमचं, बीड जिल्ह्यातलं, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या अलीकडे. पलीकडच्या अंगाला जरा वर गेलं की पैठण. हा भूगोल कशाला, ते पुढे येईल.

सप्ताहात सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. मंडपात शंभरेक माणसं पोथी समोर घेऊन एका सुरात वाचतात. बहुतेकांकडे साखरे महाराजांची प्रत. आमच्या अण्णांकडे मात्र सरकारने १९६० साली काढलेली, पुठ्ठा निघालेली. त्यामुळे होतं काय, की एखाद्या ओवीला सगळा मंडप एक शब्द म्हणतो आणि अण्णा दुसराच. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आवाज अजून वर्गातला. शेजारी बसलेल्या आबांनी कोपराने ढोसलं, "मास्तर, चुकायलाव." अण्णांनी पोथीवरून नजर न उचलता विचारलं, "कुठं?" आबांना सांगता येईना, कारण त्यांच्या पोथीत तो शब्दच नव्हता!

मी मागे बसून हसत होतो. पण हाच प्रश्न दोन दिवस आधी भाच्याने मला विचारला होता आणि तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

झालं असं. माझा एक मित्र ऊसतोड कामगारांमध्ये काम करतो. आपल्याकडची टोळीची पद्धत घरच्यांना ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात: मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, मग कारखान्यावर जाऊन ऊस तोडून ती फेडायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. टनाला दर, खाडे, उचल, फेड असा सगळा हिशेब, आणि तो बहुतेक वेळा फक्त मुकादमाच्या वहीत. कामगारांच्या हातात स्वतःचा हिशेब असावा म्हणून मित्राला एक छोटा प्रोग्रॅम हवा होता. नियम दर हंगामात बदलतात, म्हणून मी रस्ट भाषेत एक मॅक्रो लिहिला: एका ओळीत एक नियम, तोही मराठीत. (रस्टमध्ये २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून नावं देवनागरीत देता येतात. मला याचं फार कौतुक.) नियम भरायचं काम डिप्लोमा झालेल्या भाच्याला दिलं.

त्याने चाळीस नियम लिहिले. प्रोग्रॅम बांधायला गेला तर कंपायलरने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्यालाच लाल रेघ मारली. संदेश काय, तर स्वल्पविराम अपेक्षित होता. कुठं? ते नाही. चाळीस ओळी, एकेका ओळीत तीन-तीन स्वल्पविराम. पोराने दोन दिवस डोकं फोडलं. मला विचारायला लाजला, मामा काय म्हणेल म्हणून. शेवटी एकेक ओळ बंद करून बघत गेला. सत्ताविसावी बंद केल्यावर लाल रेघ गेली, प्रोग्रॅम चालला. रात्रीचा एक वाजला होता. ओळ तशीच बंद राहिली.

ती ओळ फेडीची होती.

दुसऱ्या दिवशी नमुन्याचा हिशेब छापला, तर एका कोयत्याची उचल दीड महिना राबूनही जशीच्या तशी उभी. मित्राच्या नजरेला ते आलं म्हणून बरं. भाच्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मामा, चुकलंय हे कळत होतं, पण कुठं चुकलंय ते सांगतच नव्हतं की." चूक त्याची एका स्वल्पविरामाची. बाकी सगळी माझी. कारण स्वल्पविराम कुठे राहिला ते माझ्या मॅक्रोला माहीत होतं. मी ते सांगायची तसदी घेतली नव्हती.

आता मॅक्रो म्हणजे काय, ते आक्कासाठी (आक्का, तू वाचतेस म्हणालीस, म्हणून). भजनाच्या वहीत धृपद एकदाच पूर्ण लिहितात. पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं "॥धृ॥". गाणारा ते उलगडून पूर्ण म्हणतो. तो "॥धृ॥" म्हणजे मॅक्रो. लिहिताना एक खूण, म्हणताना दोन ओळी. आता समज, ऐकणारा म्हणाला, "तुम्ही गायलेल्या चौदाव्या ओळीत चूक झाली." वही उघडावी तर वहीत मुळात आठच ओळी! चौदावी ओळ गाण्यात आहे, वहीत नाही. चूक दुरुस्त करायची तर वहीतली जागा हवी. मॅक्रोचं सगळं दुखणं इथे आहे, आणि ते बरंच जुनं आहे.

आमच्या पिढीच्या इंजिनीयरिंगच्या पोरांना मॅक्रो भेटला तो दोन पुस्तकांतून. एक जॉन डोनोव्हन यांचं १९७२ चं 'सिस्टम्स प्रोग्रॅमिंग', दुसरं मुंबई आयआयटीच्या डी. एम. ढमढेरे यांचं. सबमिशनच्या फायलीत टू पास मॅक्रो प्रोसेसरचं प्रॅक्टिकल असायचंच. पहिल्या फेरीत मॅक्रोची नावं एका तक्त्यात आणि व्याख्या दुसऱ्या तक्त्यात भरायच्या, एमएनटी आणि एमडीटी. दुसऱ्या फेरीत जिथे नाव दिसेल तिथे व्याख्या उलगडून ठेवायची, दिलेली नावं जागच्या जागी घालून. तक्ते पाठ होते आमचे. पण मॅक्रोत चूक असेल तर काय, हे आम्ही कधी विचारलं नाही, कारण इनपुट फळ्यावर लिहून दिलेलं आणि नेहमी बरोबरच. आणि उलगडून झाल्यावर मॅक्रोचं नाव पुसलं जायचं. पुढच्या असेंब्लरला वाटायचं, माणसाने एवढं सगळं हातानेच लिहिलंय.

हे पुसलं जाणं पुढे कित्येक वर्षं चाललं. सी भाषेचा प्रीप्रोसेसर १९७२-७३ च्या सुमाराचा. तो निदान फाइल आणि ओळ कोणती याच्या खुणा पुढे पाठवायचा. १९८९ च्या प्रमाण सी भाषेत तर 'इथेच थांब आणि हा संदेश दाखव' असं म्हणायची सोयही आली. पण वीस ओळींचा मॅक्रो एका ओळीत वापरला की वीसच्या वीस चुकांचा पत्ता ती एकच ओळ, आणि खाली दाखवलेला मजकूर असा, की तुम्ही जन्मात लिहिला नाही. जीसीसी कंपायलरमध्ये मॅक्रोचा माग ठेवायची सोय आली ती २०१२ च्या ४.७ आवृत्तीत. म्हणजे मी नोकरीत बऱ्यापैकी मुरल्यावर! क्लँग कंपायलरने त्याआधीच चुकीच्या अक्षराखाली खूण करून 'ही अमक्या मॅक्रोतून आली' असं सांगायला सुरुवात केली होती, तेव्हा आमच्या ऑफिसात लोक एकमेकांना बोलावून ते दाखवत होते.

लिस्पवाल्यांची गोष्ट निराळी. तिथे मॅक्रो आले १९६३ साली, टिमथी हार्ट यांच्या एका छोट्याशा टिपणातून. लिस्पचा मॅक्रो नुसत्या मजकुरावर चालत नाही, प्रोग्रॅमच्या रचनेवर चालतो, म्हणून तो फार बळकट. पण त्या रचनेतल्या तुकड्याला आपण मूळ फाइलच्या कुठल्या ओळीतून उचललो गेलो, हे ठाऊक नसायचं. १९९२ मध्ये डिबविग, हीब आणि ब्रुगमन या तिघांनी स्कीमसाठी जी पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येक तुकड्याच्या गळ्यात त्याचा मूळ पत्ता बांधून ठेवता येत होता. तुकडा कितीही फिरला, उलगडला, तरी पत्ता सोबत. जत्रेत लहान पोराच्या खिशात नाव-गाव लिहून चिठ्ठी ठेवतात ना, तसं.

रस्टमध्ये या चिठ्ठीला स्पॅन म्हणतात. २०१५ मध्ये रस्टची १.० आवृत्ती आली, २०१७ आणि २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने पूर्ण ताकदीचे मॅक्रो आले. मॅक्रोच्या हाती येणाऱ्या प्रत्येक शब्दाला, प्रत्येक स्वल्पविरामाला स्पॅन असतो. मी काय केलं होतं? वाचताना चूक सापडली की सरळ पॅनिक, म्हणजे हात वर करून मोकळा. तसं केलं की कंपायलर बिचारा मॅक्रो जिथे वापरला तो अख्खा भाग अधोरेखित करतो, त्याच्याकडे दुसरं काही नसतंच. बरी रीत अशी आहे: मॅक्रोने चूक झाल्यावरही निमूटपणे कोडच परत द्यायचा, पण त्या कोडमध्ये एकच आज्ञा असते, 'कंपाइल एरर', आणि त्या आज्ञेच्या गळ्यात चुकलेल्या शब्दाची चिठ्ठी. मग लाल रेघ थेट त्या शब्दाखाली येते. मॅक्रो लिहिणारे सगळे जे सिन नावाचं ग्रंथालय वापरतात, त्यात हे काम एका ओळीचं आहे. आणखी एक सोय: पहिल्या चुकीला न थांबता सगळ्या चुका गोळा करून एकदम दाखवता येतात. पहिली चूक दिसली की वही भिरकावणारे एक मास्तर आम्हाला होते. अण्णा तसे नव्हते. ते पूर्ण निबंध वाचून चुकलेल्या प्रत्येक अक्षराखाली बारीक रेघ मारायचे. वेलांटी चुकली तर वेलांटीखाली.

आता पारायणाकडे येतो.

अण्णांची ती शासकीय प्रत ज्या संहितेवरून निघाली, ती पोथी आमच्या बीडची. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरायचे, त्यांना ती बीडच्या पाटांगणात मिळाली. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि त्याच वर्षी ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरणही. त्यांचं म्हणणं, ही एकनाथांच्याही आधीची. एकनाथांनी पैठणला शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तोवर नकलाकारांच्या हातून पाठ बिघडत गेले होते. नाथांनी ते नीट केले आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये अशी कडक ताकीद शेवटी लिहून ठेवली. ताकीद आपल्यापर्यंत आली. पण नाथांनी नेमकं कुठं काय बदललं, कुठली ओवी गाळली, कुठला शब्द फिरवला, याची यादी काही आली नाही. नाथांबद्दल असं लिहिताना हात जरा कचरतो, पण मॅक्रो प्रोसेसरच्या दुसऱ्या फेरीसारखंच झालं ते. हाती आलं ते उलगडलेलं, नीटनेटकं. आधीचं पुसलं गेलं.

म्हणून राजवाड्यांच्या पोथीचं मोल. तिच्यात जुनं तसंच राहिलं असेल तर तुलना करता येईल. विद्वानांत बरेच वाद झाले. आणि मग ती पोथीच गेली. राजवाड्यांनीच रागाच्या भरात ती नष्ट केली असं सांगतात. त्यांचा राग महाराष्ट्राला माहीत होता. कारण काहीही असो, आज छापील पुस्तक आहे आणि मूळ नाही. त्यात एखादं विचित्र रूप दिसलं तर ते ज्ञानेश्वरांचं, नकलाकाराचं, राजवाड्यांच्या वाचनातलं, की छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याचं? लाल रेघ अख्ख्या पुस्तकाखाली मारता येते. शब्दाखाली नाही.

याउलट महानुभावांचं बघा. लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत हरवली, मग आठवणीतून ती पुन्हा उभी केली. आठवणी जुळेनात तिथे त्यांनी एकच पाठ ठेवून बाकीचे पुसले नाहीत. हा हिराइसेचा पाठ, हा परशरामबासांचा, अशी नावं पोथ्यांमधून टिकली. सातशे वर्षांपूर्वीचे स्पॅनच हे. मला हे कळलं तेव्हा मी अण्णांना उत्साहाने सांगायला गेलो. ते म्हणाले, "मग त्यात काय? कुणाचं ते लिहूनच ठेवायला पाहिजे." झालं!

असो. मॅक्रो दुरुस्त केला. जेमतेम साठ ओळींचं काम निघालं. भाच्याला मुद्दाम तीन ठिकाणी चुका करायला लावल्या. तिन्ही एकदम दिसल्या, प्रत्येक आपापल्या जागी, मराठीत: 'फेड'च्या ओळीत टक्क्यानंतर स्वल्पविराम हवा. आणि फेडीचा नियम नसेल तर आता प्रोग्रॅम बांधलाच जात नाही, तसं स्पष्ट सांगून थांबतो. बंद केलेली ती सत्ताविसावी ओळ भाच्याने स्वतःच्या हाताने उघडली. त्या कोयत्याचा हिशेब पुन्हा छापला, या वेळी तिघांनी मिळून तपासला.

एक मात्र राहिलंय. टर्मिनलवर देवनागरीत काना-वेलांट्यांमुळे रुंदीचा अंदाज चुकतो आणि लाल खूण एखाद्या अक्षराने बाजूला सरकते. अण्णांना दाखवलं, तर चष्मा वर करून म्हणाले, "ही रेघ 'ड'खाली कामून मारली? चूक तर पुढं हाय." भाचा आता त्याच्या मागे लागलाय.