उजेड पाहिलेलं पुस्तक

इंग्रजीत पुस्तक ‘दिवसाचा उजेड पाहतं’. मूल जन्मलं की जे म्हणायचं, तेच त्या भाषेनं छापील कागदालाही लावलं. वापर मात्र बहुधा नकारीच: कपाटात पडून राहिलेल्या हस्तलिखितानं उजेड पाहिलाच नाही, असं म्हणतात.

अनुवाद तपासताना ‘कादंबरीने दिवसाचा प्रकाश पाहिला’ असं आलं की मी ते खोडते आणि ‘प्रसिद्ध झाली’ लिहिते. मराठीत उजेडात येते ती चोरी, भानगड. पुस्तक चारचौघांना ठाऊक होतं. जुन्या पुस्तकांवर ‘छापून प्रसिद्ध केलें’ असंच असायचं. ‘प्रकाशन’ या शब्दात उजेड आहे, हेही खरं.

त्या जुन्या पुस्तकांच्या काळी छापलेलं घराघरात शिरणंच अवघड होतं. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला हात लावत नसत. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असं सांगतात. त्यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. दोन भाषांचे वाक्प्रचार एकमेकांशेजारी बसू लागले ते तिथे, असं मला वाटतं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी काम शिकलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना.

माझे वडील, अण्णा, गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. मराठीला काने, मात्रा, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. म्हणून खिळ्यांच्या पेटीत इंग्रजीच्या कितीतरी पट खाने. अण्णांचा हात न बघता त्या त्या खान्यात जायचा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आणि अण्णा ते उलटंच भराभर वाचायचे. मजकूर गॅलीवर सुतळीनं घट्ट बांधायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा, ओलसर कागद ठेवून दाबायचा. शाळा सुटल्यावर मी डबा परत न्यायला जाई, तेव्हा हे पाहिलंय.

कागद सोलून काढला की अण्णा दिव्याखाली थांबत नसत. चष्मा कपाळावर सारून थेट गल्लीकडच्या खिडकीशी जायचे आणि पहिली ओळ तिथे, दिवसाच्या उजेडात वाचायचे.