पिंजौरची धडा देणारी टेकडी

पिंजौर म्हटले की पर्यटकाला मोगल बाग आठवते. मला मात्र त्याच परिसरातील सुखोमाजरी हे लहानसे गाव अधिक महत्त्वाचे वाटते.

चंडीगडचा सुखना तलाव १९५८ साली निर्माण झाला आणि लवकरच गाळाने भरू लागला. गाळ शिवालिकच्या उघड्या टेकड्यांवरून येत होता. जमिनीची धूप वर्तवणारे जे समीकरण त्या काळी जगभर रूढ झाले, त्यात पाऊस, माती, उतार, वनस्पतींचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय यांचा गुणाकार असतो. गुरे चारणारा गावकरी तेथे आच्छादनाच्या एका आकड्यात लपलेला असतो. तो गुरे का चारतो, हे समीकरण विचारीत नाही.

हार्डिन यांनी १९६८ साली याचे उत्तर दिले होते : सामायिक कुरणावर प्रत्येक जण स्वतःचाच लाभ पाहतो, म्हणून कुरण उजाड होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ते प्रथमदर्शनी निर्विवाद वाटे.

सुखोमाजरीने त्याला छेद दिला. पी. आर. मिश्र यांच्या पुढाकाराने १९७६ साली तेथे मातीचा बंधारा झाला. पाणी आरंभी मोजक्या जमीनधारकांनाच मिळाले. इतरांनी चराई थांबवावी कशासाठी? पुढे प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, समान वाटा ठरला. तो दुसऱ्याला देण्याचीही मुभा मिळाली. मग गावानेच टेकडी राखली. तारेच्या कुंपणाचे काम 'सामाजिक कुंपणा'ने केले. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीतही वाटप जमिनीवर नव्हे, माणशी होते, हे मराठी वाचकाला आठवेल.

पुढे संगणकाच्या प्रतिमानांतही माणूस आला. लान्सिंग व क्रेमर यांनी १९९३ साली बालीच्या १७२ पाणीवाटप संघांचे प्रतिमान मांडले. शेजाऱ्याचे पीक पाहून आपले वेळापत्रक ठरवणे, एवढाच नियम प्रत्येक संघाला दिला. त्यातून पाणी आणि कीड या दोहोंचा मेळ घालणारी व्यवस्था आपोआप उभी राहिली. ती तेथील जलमंदिरांच्या जुन्या व्यवस्थेशी बरीच जुळत होती.

प्रत्येक प्रतिमानात समाजाविषयीचा एक सिद्धान्त दडलेला असतो, मांडणाऱ्याने तो सांगितलेला असो वा नसो. प्रकल्प अहवालावर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एकच प्रश्न विचारावा : या आकडेमोडीत भूमिहीन माणूस कोठे आहे?