जॉन, दुसरा

(३ मे १४५५–२५ ऑक्टोबर १४९५). पोर्तुगालचा राजा (कार. १४८१–९५) व पोर्तुगीज सागरी विस्ताराचा एक प्रमुख सूत्रधार. पाचव्या आफॉन्सूचा हा पुत्र लिस्बन येथे जन्मला. गिनी किनाऱ्यावरील व्यापाराचा कारभार युवराज असतानाच त्याच्याकडे आला होता. बापाच्या उधळेपणामुळे बलिष्ठ झालेल्या सरदारांचा त्याने निर्दयपणे बीमोड केला. ब्रगान्साच्या ड्यूकचा १४८३ मध्ये शिरच्छेद झाला. पुढील वर्षी राणीचा भाऊ, व्हिझेऊचा ड्यूक, यास त्याने स्वहस्ते ठार मारले.

समुद्रमार्गाचा शोध हे राजसत्तेचे नियोजित व शक्य तितके गुप्त कार्य बनविणे, यातच त्याचे खरे कर्तृत्व आहे. गिनी किनाऱ्यावर १४८२ मध्ये बांधलेल्या मीना किल्ल्यातून सोन्याचा ओघ लिस्बनला सुरू झाला. या व्यापाराला गुलामांच्या खरेदी-विक्रीचीही जोड होती. द्योगू कांऊ हा काँगो नदीच्या मुखापर्यंत पोहोचला. ध्रुवतारा विषुववृत्ताच्या दक्षिणेस दिसत नाही. म्हणून राजाने ज्योतिर्विदांकडून सूर्याच्या उन्नतांशावरून अक्षांश काढण्याची पद्धत सिद्ध करविली. १४८७ मध्ये निघालेल्या बार्थोलोम्यू दीयशने पुढील वर्षी आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घातला. १४८७ मध्येच पेरू द कूव्हील्यां खुष्कीच्या मार्गाने पूर्वेकडे निघाला. अरबी जाणणारा हा हेर कननूर, कालिकत व गोवा ही बंदरे पाहून कैरोस परतला व तेथून त्याने राजाला वृत्तांत धाडला. तो वृत्तांत लिस्बनला पोहोचला की नाही, याविषयी मतभेद आहेत.

कोलंबसची योजना जॉनने नाकारली, हा त्याच्या दूरदृष्टीचा अभाव मानला जातो. पण हा आक्षेप न्याय्य नाही. पृथ्वीच्या गोलत्वाविषयी त्याच्या तज्ञांना शंका नव्हती. वाद अंतराचा होता. कोलंबसने कल्पिलेल्या अंतराच्या चौपटीहून अधिक अंतर पश्चिमेकडून आशियास प्रत्यक्षात पडते. गणित तज्ञांचे बरोबर होते. मध्ये अमेरिका खंड आहे, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते. कोलंबस १४९३ च्या मार्चमध्ये परतल्यावर पोप सहावा अलेक्झांडर याने स्पेनला अनुकूल आज्ञापत्रे काढली. जॉनने स्पेनशी थेट बोलणी केली आणि टॉर्डेसिलासच्या तहाने (७ जून १४९४) सीमारेषा केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवर नेली. त्यामुळे ब्राझीलचा पूर्व भाग पोर्तुगालच्या वाट्यास आला. ब्राझीलची माहिती त्याला आधीच होती, असे काही इतिहासकार मानतात. परंतु त्यास निर्णायक पुरावा नाही. ज्यांच्या भूमीची ही वाटणी झाली, त्यांना अर्थातच कोणी विचारले नाही.

स्पेनमधून १४९२ मध्ये हाकलल्या गेलेल्या ज्यूंना त्याने पैसे घेऊन तात्पुरता आश्रय दिला. पुढे त्यांची अनेक मुले हिरावून साऊं तूमे बेटावर पाठविली. त्यांतील बहुतेक दगावली. हा त्याच्या कारकीर्दीवरील मोठा कलंक होय.

एकुलता औरस पुत्र आफॉन्सू १४९१ मध्ये घोड्यावरून पडून मरण पावला. जॉन स्वतः आल्व्हॉर येथे निधन पावला. त्याच्यामागून गादीवर आला तो त्याने ठार मारलेल्या व्हिझेऊच्या ड्यूकचा धाकटा भाऊ, पहिला मॅन्युएल; वास्को द गामाच्या कालिकत-सफरीचे (१४९८) श्रेय त्याच्याच नावावर जमा झाले.